लाल बटण

३ फेब्रुवारी

चि. चिमीस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

मेंदूचे भाग डोक्यात राहत नाहीत, असं लिहिलंस. म्हटलं, मग डोक्यावर ठेवू. तू पाठवलेल्या आकृतीवरून टोपी शिवली आहे. मोठ्या मेंदूचे दोन अर्धे निळे, मागे खाली लहान मेंदू तपकिरी, मानेकडे उतरणारी पट्टी म्हणजे मेंदूचा देठ. वाचाकेंद्राला लाल बटण लावलंय. तुझे काका म्हणतात, हिच्या स्वतःच्या टोपीला दोन लागतील. लक्ष देऊ नकोस.

लोभाची टीप पक्की आहे.
तुझी आत्या

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

टोपी इतकी सुबक, की अख्ख्या वसतिगृहाने घालून पाहिली. पण तोंडी परीक्षेत मी नापास झाले. वाचाकेंद्र कुठे, असं सरांनी विचारलं. मी ठणकावून उजवीकडे म्हटलं. खोलीवर येऊन टोपी उलटी केली, तर आत तुझ्या खडूची खूण. तू सवयीने कापडाच्या उलट बाजूला आखलंस, सुलट केल्यावर डाव्याचं उजवं झालं. पुस्तक सोडून टोपीवर विसंबले, चूक माझीच. आता जन्मात विसरणार नाही: बहुतेकांची वाचा डाव्या अर्ध्यात, आणि उजवा हात चालवतो तोही डावाच. वीस मार्चला फेरपरीक्षा. त्यात गेले तर वर्ष गेलं.

तुझीच, चिमी

२ मार्च

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं शिवतेय, आणि भाचीचाच मेंदू उलटा शिवला. टोपी परत पाठव, बटण हलवून देते.

काल गंमत झाली. गणवेश बेतताना उजव्या हातातून कात्री गळाली. काकांना उचलायला सांगायचं, तर तोंडातून नुसतं सुई, सुई. दहा मिनिटांत सगळं ठीक. काका म्हणाले, लग्नानंतर पहिल्यांदाच एवढी शांतता. गणवेशांची घाई आहे, डॉक्टरांकडे नंतर बघू.

तुझी आत्या

१४ मार्च

चि. चिमीस, खूप खूप आशीर्वाद.

दवाखान्यातून लिहिते आहे. माझं पत्र वाचून तू फोन केलास, तेव्हा मी शिवतच होते. काकांनी तुझं वाक्य मला शब्दन् शब्द सांगितलं: "काका, उजवा हात आणि वाचा एकदम गेली होती. तिला आत्ता न्या, उद्या नाही." मानेतली डावीकडची रक्तवाहिनी जवळजवळ बंद निघाली. ती साफ केली. डॉक्टरांनी विचारलं, हे ओळखलं कुणी? नापास झालेल्या मुलीने, असं काका ऐटीत म्हणाले.

टोपी अजून आली नाही.

तुझी आत्या

२१ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पास झाले. सरांनी पुन्हा तेच विचारलं. डावीकडे, म्हटलं. खात्री आहे का, म्हणाले. मी तुझं दवाखान्यातलं पत्र पुढे ठेवलं. ओळी अगदी सरळ, तुझ्या टिपेसारख्या. सरांनी ते दोनदा वाचलं.

टोपी पाठवणार नाही. बटण आहे तिथेच राहू दे.

तुझीच, चिमी