गिटार कधी सुरू होणार?

प्रिय मेहुणेबुवा यांस,

तुमच्या भावोजींचा मनापासून नमस्कार. उजवा खांदा आता कसा आहे? (अग्निशमनच्या ड्युटीवर लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईंना ओढून बाहेर काढताना तो निखळला, एवढंच उडत उडत कानावर आलं. बाई वजनदार होत्या असंही आलं, पण ते सोडून द्या.) इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तुमची ताई ठीक आहे. माझं काही खरं नाही. फोनवर निरोप टाकायचा सोडून या माणसाने कागद-पाकीट का काढलं, असं तुम्हाला वाटेल. तर माझ्या फोनमध्ये निरोपाएवढीही जागा उरलेली नाही. चार अक्षरं लिहिली की तो गोठतो. त्याच्या पोटात सध्या अकरा गिटारी आहेत, आणि त्या अकरांत गिटार एकही नाही.

हे कसं झालं ते मुळापासून सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. ताईचा बालवर्ग बंद होतोय. ज्या दोन खोल्यांत तिने एकोणीस वर्षं पोरांची नाकं पुसली आणि बुटांच्या नाड्या बांधल्या, ती इमारतच पाडणार आहेत. येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी शेवटचा दिवस. त्या दिवशी मुलं एक गाणं म्हणणार आहेत आणि ते ताईने स्वतः रचलंय. एका मुंगीच्या सहा बुटांपैकी एक हरवतो आणि ती वर्गातल्या प्रत्येकाला विचारत फिरते, असं गाणं. (बूट शेवटपर्यंत सापडत नाही. मी म्हटलं, सापडू दे की. तर म्हणाली, मुलांना माहीत असतं, बूट सापडत नाहीत.) तिच्या जोडीची शिक्षिका गिटार वाजवायची, ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि गिटारही तिच्याबरोबर गेली. ताई भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली की आता टाळ्यांवरच म्हणावं लागणार. मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "हात्तिच्या! मोबाईलवर सगळं होतं. चार दिवसांत गिटार करून देतो."

का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सत्तावीस वर्षं मी कवळ्या करतोय. चांगली जमलेली कवळी कुणाच्या लक्षात येत नाही आणि लक्षात आली तर ती बिघडलेली असते. त्यामुळे माझ्या कामाला आजवर कुणी 'वा' म्हटलेलं नाही. लोक फक्त 'टोचते' म्हणतात. एकदा तरी कुणीतरी, आणि त्यातही तुमच्या ताईने, वा म्हणावं अशी माझी इच्छा होती. झालं, दुसरं काही नाही.

संगीत करायचं एक अ‍ॅप घेतलं. त्यात सूर पडद्यावर चौकोनासारखे मांडायचे, की फोन ते वाजवतो. चाल मला ताईने गुणगुणून दिलीच होती. रविवारचा अख्खा दिवस मान मोडेपर्यंत चौकोन मांडले. संध्याकाळी तिला ऐकवलं. पत्र्याच्या डब्याला रबर ताणून कुणीतरी नाइलाजाने छेडतंय, असा तो आवाज होता; पण स्वतःच्या पोराचं नाक जसं आईला नकटं दिसत नाही, तसं मला ते काही जाणवलं नाही. ताईने हातात कप धरून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे. पण गिटार कधी सुरू होणार?"

टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर मी सुखाने जेवलो असतो. ती खरोखर वाट बघत होती.

मग मी खऱ्या आवाजांच्या मागे लागलो. खऱ्या लाकडी गिटारीचा एकेक सूर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळा वाजवून टिपलेला असतो, आणि असे हजारो सूर एका गठ्ठ्यात मिळतात. एकेक गठ्ठा अवाढव्य, आणि मला अकरा हवे होते. फोन म्हणाला, जागा नाही. मी घाईघाईने जुने फोटो उडवले, आणि त्यांत आमच्या दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाठवलेले पेशंटच्या दातांचे फोटोही गेले. (दाताचा रंग जुळवायला ते लागतात. प्रत्येकाचा पांढरा वेगळा असतो.) मी आठवणीवर भिस्त ठेवली. एका निवृत्त न्यायाधीशांचा पुढचा एकच दात करायचा होता. बाकीचे दात पन्नास वर्षांच्या चहाने मुरलेले, आणि मी दिला तो नव्या कोऱ्या विजेच्या बटणासारखा. ते बोलायला लागले की समोरच्याची नजर तिथून हलेना. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून दार लावलं. काय बोलल्या ते लिहीत नाही, पत्र तुमच्या घरातही कुणी वाचेल.

आमच्या तळमजल्यावर पूर्वी नाटकांचं ध्वनिसंयोजन करणारा एक गृहस्थ राहतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण कुणाची स्कूटर वळणावर आली हे तो घरात बसून सांगतो. त्याला माझं काम ऐकवलं. दुखवट्याला आल्यासारखा डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "फार स्वच्छ आहे. खऱ्या गिटारीत माणूस असतो. त्याची बोटं तारेवरून सरकताना चीं करतात. सहा तारा एकदम वाजत नाहीत, एकामागून एक वाजतात. तुझ्यात माणूसच नाही."

हे मला झटकन पटलं. कवळीचे सगळे दात एका रेषेत बसवले की ती दहा पावलांवरून खोटी दिसते. एखादा दात केसभर फिरवला की लोक आईबापांवर गेलाय म्हणतात. मी लगेच कामाला लागलो. ओला अंगठा स्टीलच्या ताटलीवर घासून एक्केचाळीस वेगवेगळे चीं टिपले आणि गाण्यात जागोजागी पेरले. दुसऱ्या दिवशी मी ते आतल्या खोलीत पुन्हा पुन्हा लावून बघत होतो, आणि बाहेरून कपाट सरकल्याचा आवाज आला. ताईला घरात उंदीर झाल्याची खात्री पटली होती. शेजारीण झाडू घेऊन आली. कानसेनही आला, त्याने कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "दोन आहेत. एक पिल्लू आहे." (मेहुणेबुवा, त्याने मला डोळा मारला, पण मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं खरंच उंदीर आहेत.) मीही कपाट ओढू लागलो आणि माझी कंबर धरली. ताईने धान्याचे सगळे डबे रिकामे करायला घेतले तेव्हा मला खरं सांगावं लागलं. ती तांदूळ परत डब्यात भरत राहिली, वाटीवाटीने.

उरला प्रश्न हाताचा. गिटार वाजवणाऱ्याचा हात खाली जातो, वर येतो, मध्येच हवेत चुकतो. ते अंगात भिनल्याशिवाय चौकोन कसे मांडणार? मी इस्त्रीची फळी मांडीवर घेऊन सराव केला. एक दिवस दवाखान्याच्या मागच्या खोलीत मेणात बसवलेले खालचे चौदा दात पुढ्यात होते. मेण कापायची सुरी त्यांच्यावरून कधी फिरू लागली ते मला कळलंच नाही. खाली, खाली, वर, वर, खाली. तोंडाने मी 'मुंगीबाईचा बूट गं' म्हणत होतो. मान वर केली तर दारात डॉक्टरीणबाई, आणि ज्यांचे दात होते त्या आजी. आजी म्हणाल्या, "माझेच आहेत ना ते?" मला आठवडाभर विश्रांती घ्यायला सांगण्यात आलं आहे.

तरी मी सोडलं नाही. परवा बुधवारी बालवर्गात तालीम होती. मी स्पीकर घेऊन गेलो. बावीस मुलं सतरंजीवर, आणि मी त्यांच्या एवढ्याशा खुर्चीवर. खरं सांगतो, यावेळी आवाज चांगला होता. कानसेननेही मान डोलावली होती. गिटार सुरू झाली आणि मुलं गप्प झाली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात पुढची एक मुलगी उठली, स्पीकरच्या मागे जाऊन वाकून बघितलं आणि म्हणाली, "गिटारवाले काका कुठे आहेत?" मग सगळीच उठली. कुणी पडद्यामागे बघतंय, कुणी टेबलाखाली, एकाने तर माझ्या पिशवीत डोकं घातलं. काका सापडेनात. एक बारकं पोरगं रडायला लागलं, म्हणे काका हरवले. त्याचं बघून आणखी पाच रडली. गाणं कुणीच म्हटलं नाही. फोन एकटाच शेवटपर्यंत वाजत राहिला, आणि मला तो बंद करायला सुचेना.

ताईने सगळ्यांना शांत केलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "राहू दे. टाळ्यांवर म्हणू. टाळ्यासुद्धा चांगल्या वाजतात." ती चिडली असती तर मी वाद घातला असता. पण ती माझी समजूत काढत होती. वर्ग तिचा बंद होतोय, आणि समजूत माझी! मी वायर गुंडाळली. खुर्चीतून उठताना खुर्चीही बरोबर उठली, तेव्हा मुलं हसली. सतरा दिवसांच्या मेहनतीचं फळ म्हणाल तर तेवढंच.

असो. तुम्हाला उगाच त्रास. कामातून वेळ मिळाला तर वाचा, नाही तर ठेवून द्या.

तुमचा,
हताश भावोजी

ता. क. तुमची जुनी गिटार अजून असेल तर एक छोटंसं काम होतं. सी, ए मायनर, एफ आणि जी, असे चारच कॉर्ड वाजवून फोनवर टिपून कानसेनच्या नंबरावर पाठवता का? नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. दोन मिनिटांचं काम आहे.

ता. क. दुसरा. हे पत्र मी तिला न सांगता लिहितोय. बाबांच्या पंचाहत्तरीला तुम्ही वाजवणार होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उगवलात, त्याला तीन वर्षं झाली. तुम्ही कुठे अडकला होतात ते मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. फक्त एक सांगतो, त्या दिवशी ती तुमच्या रिकाम्या खुर्चीवर कुणाला बसू देत नव्हती. पाहुणे उभे होते.

ता. क. तिसरा. टिपून पाठवू नका. त्याचा काही उपयोग नाही, मुलं पुन्हा माणूसच शोधतील. तुम्हीच या. त्या पहिल्या शनिवारी अकरा वाजता, बालवर्गाच्या मागच्या फाटकाने. मी तिला काही बोललेलो नाही, म्हणजे तुम्ही आला नाहीत तर वाईट मला एकट्यालाच वाटेल.

ता. क. चौथा. पाकीट चिकटवायला ह्यांनी गोंद माझ्याकडेच मागितला. सगळं वाचलं. अकरा नाही, साडेदहा. ह्यांना वेळ कधी नीट सांगता येत नाही. आणि कॉर्ड चार नाहीत, तीन आहेत. एफ मी आज दुपारी गाण्यातून काढून टाकला. तुला तो कधीच जमला नाही. – ताई