एकाच कामाच्या दोन गोळ्या

६ नोव्हेंबर २००६

कापूस फुटून लोंबून राह्यला, वेचायले बाई भेटत नाही, अन् आमची सासू बाजेवर! ओमचे बाबा तिले याडी म्हणतात. मी मनात बुडी म्हणते. "पुष्पा, अंगात जीवच नाही वं." यवतमाळच्या डॉक्टरीणबाईले दाखवून आणलं तवापासून तर जास्तच. मी फटकन बोलली — "सोंग पुरे करा आता!" बुडीनं भिंतीकडे तोंड केलं.

७ नोव्हेंबर

गोळ्या मात्र मी टायमावर देते. घाटंजीच्या डॉक्टरची बीपीची सकाळी, यवतमाळची छातीची जेवणावर. कोणी नाव नको ठेवाले.

९ नोव्हेंबर

चक्कर येऊन न्हाणीत पडली. हात बर्फासारखे. अन् माझ्या मनात आलं — हेही सोंगच! असं आलं खरं.

१० नोव्हेंबर

यवतमाळ. भरती केलं. नाडी चाळीस! डॉक्टरीणबाईनं दोन्ही पाकिटं शेजारी-शेजारी धरली. "नावं वेगळी, काम एकच. दोन्ही नाडी हळू करतात. मी मागे विचारलं होतं ना, आधीची काही गोळी चालू आहे का?"

विचारलं होतं. मी नाही म्हणलं होतं. ती बीपीची, ही छातीची — सांगायचं काय त्यात? अन् बस सुटत होती.

ओमचे बाबा चहा आणायले गेलते. त्यायनं काही ऐकलं नाही. मी सांगितलंही नाही.

११ नोव्हेंबर

घाटंजीची गोळी कायमची बंद. छातीची गोळी, नाडी सुधरली की अर्धीपासून चालू. "पण मनानं बंद करू नका. एकदम सोडली तर छातीत कळ येते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. याडीले भात भरवला. नजर वर करवली नाही.

१३ नोव्हेंबर

नाडी वर आली. ओमच्या बाबाले नर्सकडून कळलं, अन् त्यायनं विचारलंच — "दोन-दोन गोळ्या दिल्या कोणं?" तर याडीच लेकाले बोलली, "म्याच खाल्ल्या, नेमा, चोरून. लवकर बरी होऊन वेचाले जाव म्हणलं."

ओमचे बाबा सगळ्या वार्डासमोर तिच्यावर ओरडले — "अक्कल हाय का तुले?" तिनं मुकाट ऐकून घेतलं.

मीही मुकाट ऐकलं. लाज वाटते लिहायची.

१४ नोव्हेंबर

ओमच्या बाबाले सगळं सांगून टाकलं. ते उठून बाहेर गेले.

याडीनं आज पहिल्यांदा मले रागावलं — "कायले सांगितलं वं, पोरी? माह्यावर तर तो ओरडतच राह्यते."