घंटेचा गूळ

चाचा, हैदराबादची रेस बघून आलो. थोरल्या पोरानं नेलं. आता आपण ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार, तेव्हा बसायला वरची गॅलरी, डोक्यावर पंखा. परभणी स्टेशनच्या टांगा अड्ड्यावर तुम्ही ज्या मैदानाची वर्णनं करायचा, ते मैदान तुमच्या वर्णनापेक्षा लहान निघालं. जॉकी मात्र तुम्ही म्हणायचा तसेच, मूठभर हाडांचे आणि राजासारखे गुर्मीत. शेजारी एक गलेलठ्ठ शेटजी बसला होता. प्रत्येक शर्यतीत त्याचा घोडा मागं राहायचा आणि प्रत्येक वेळी तो घोड्याच्या आईचा उद्धार करायचा. मला तुमची लय आठवण आली. तुम्ही त्याला एक पान खिलवलं असतं आणि त्या घोड्याची आई कोण, आजी कोण, कुठल्या तबेल्यातली, सगळं ऐकवून गप्प केलं असतं.

आपल्या अड्ड्यावर रेसच्या मैदानात प्रत्यक्ष वावरलेले तुम्ही एकटेच. तरुणपणी तिकडं सईस होता, घोड्यांची मालीश केलेली. आम्ही बाकीचे टांगेवाले कधी पूर्णेच्या पलीकडं गेलो नव्हतो, पण हैदराबादच्या गाडीनं शिळं उर्दू वर्तमानपत्र आलं की सवाऱ्या सोडून तुमच्याभोवती जमायचो. न बघितलेल्या घोड्यांवर आमच्या चहाच्या पैजा.

"चाचा, आमचा काळा काय म्हणायलाय?"

"पाचवा आला."

"वा! धावले किती?"

"पाच."

"मंग काय झालं? आपल्या घोड्यावानी मधीच पाणी प्यायला तर न्हाई थांबला!"

असं चालायचं. दुष्काळाच्या आधीची ती सालं. मी तुमचा दुसरा टांगा हाकायचो. चालत्या घोड्याच्या टापांवरून कोणती नाल सैल झाली ते मला ऐकू यायचं, म्हणून तुम्ही म्हणायचा, "तुझे कान घोड्याचे हाईत, बाकी समदा गाढव."

मग तुम्ही बेगमला आणलं. रेसची घोडी, पुढच्या पायाची शीर दुखावलेली, मालकानं विकायला काढलेली. तांबूस रंग, कपाळावर चांदणी. पहिल्याच दिवशी तिच्या टांग्यात एक मास्तर आणि त्यांची बायको बसली होती. गाडी यायची म्हणून फलाटावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हमालानं टोला दिला. झालं. बेगमला वाटलं शर्यत सुटली. भाजीवाल्या बाया, उसाचा रस, सगळं उधळत ती थेट धान्याच्या बाजारापाशी, मोंढ्यात जाऊन थांबली. मास्तर खाली उतरले, टोपी सारखी केली आणि एवढंच म्हणाले, "परतीला आम्ही चालत जाऊ."

बाकीचे म्हणाले, चाबूक द्या. तुम्ही म्हणालात, "तिचा काय गुन्हा? घंटा वाजली की पळ, हे माणसानंच शिकवलंय तिला. आता माणसानंच दुसरं शिकवायचं." दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घंटेला तुम्ही तिच्या तोंडासमोर उभे. तळहातावर गुळाचा खडा. घंटा झाली की थांबायचं, गूळ खायचा, मगच पाऊल टाकायचं. आधी ती थरथरायची, कान टवकारायची. दिवाळीपर्यंत अशी शहाणी झाली की घंटा वाजली की दगडासारखी उभी. गूळ मिळेस्तोवर हलायची नाही, आणि मिळाला की लग्नातल्या नवरीसारखी हळू निघायची. एकदा घंटा झाल्यावर एका टांगेवाल्यानं गंमत म्हणून तिच्यापुढं रिकामी मूठ धरली. ती मुठीमागं दोन पावलं गेली आणि हुंगत राहिली. तुम्ही त्याला सगळ्यांदेखत झापलंत. "जनावर कू झूठ नको बोल रे. मेरी मूठ पे से उसका भरोसा उठा तो क्या रहा?" आम्ही हसलो होतो. तुम्ही हसला नाहीत.

आता मी तिथं येतो, चाचा. इतकी वर्षं दुकानात लोकांना तुमचे किस्से सांगतो ते इथपर्यंतच.

दुष्काळ पडला. कडबा मिळेना, गूळ तर दिसेना. तुम्ही कुठून कुठून खडे आणायचा, खिशात एखादाच असायचा. त्या दिवशी पिंगळीच्या पलीकडची सवारी होती. एक बाई, तिचा म्हातारा बाप आणि कडेवर लेकरू. माझ्या टांग्याचं चाक मोडलेलं, म्हणून मी तुमच्याशेजारी बसलो होतो. लेकरू रडरड रडायलेलं. तुम्ही खिशातला खडा काढून त्याच्या हातात दिलात. ते चोखत झोपी गेलं. मी सोडा, तुम्हीही त्यात काही वावगं पाहिलं नाही. कोण पाहील?

पिंगळी स्टेशनाजवळ गाडीवाट रुळावरून जाते. तिथं फाटक नव्हतं. बेगमनं रूळ ओलांडले, टांग्याचं चाक दोन रुळांच्या मधे आलं, आणि स्टेशनावर घंटा वाजली.

ती उभी राहिली.

तुम्ही सवाऱ्या उतरवल्या. आम्ही दोघांनी चाकाला खांदा लावला, पण घोडी पाय रोवून मागं रेटायली. तुम्ही मला म्हणालात, "फेटा काढ, गाडीकडं पळ, हात कर. मी हिचे पट्टे सोडतो." मी पळालो. पाठीमागून मला तुमचा आवाज येत होता. हे घोड्याचे कान नसते तर बरं झालं असतं. तुम्ही तिला समजावत होता, "चल बेटी. घर कू चल, वहाँ देतौं. सच्ची देतौं." गाडी माझ्या शेजारून गेली. ड्रायव्हरनं मला पाहिलं, ब्रेकही लावले. चाकांच्या त्या किंचाळण्यातही मला तुमचा आवाज ऐकू येत होता, मग आला नाही.

तुम्ही पट्टे सोडत होता, का नुसतं तिचं तोंड धरून उभे होता, मला माहीत नाही. मी सगळं मनात पुन्हा पुन्हा घडवून बघितलं आहे. रिकामी मूठ पुढं केली असती तर ती दोन पावलं आली असती. दोन पावलं पुरली असती. तुम्हाला हे सुचलं नसेल असं मी स्वतःला सांगतो, पण माझा त्यावर विश्वास नाही. तुम्हाला सुचलं होतं. आणि तुम्ही तेवढंच केलं नाहीत. खोटं न बोलण्याचं असलं फळ मिळत असेल, तर मी पोरांना काय शिकवावं? धंद्यात मी किती जणांपुढं रिकाम्या मुठी धरल्या. दुकान झालं, घर झालं. रात्री जेवायला बसलो की घास तोंडाशी येतो आणि वाटतं, हे सगळं कशाला.

लेकराचा काय दोष? ते आता बाप्या माणूस झालं असेल. मी कधी शोधलं नाही.

तर रेस. घरी आल्यावर सगळ्यांना रंगवून सांगितलं, घोडे कसे सुटले, कोण पुढं, कोण मागं, शेटजी कसा किंचाळला. दुकानात गिऱ्हाईकांना सांगितलं, ते खदखदा हसले. ह्या पत्रात वरती तुम्हालाही तेच लिहिलं. खरं म्हणजे मी एकही शर्यत पाहिली नाही, चाचा. पहिली घंटा वाजली तेव्हा डोळे मिटले, आणि पुढच्या प्रत्येक वेळी तसंच. जॉकी पाहिले ते चालत जाताना.

पोरानं दंडाला धरून हलवलं. "अण्णा, हात असा काय धरलाय? काय पाहिजे?"

मी डोळे उघडले. माझा हात गॅलरीच्या कठड्याबाहेर पुढं केलेला होता. मूठ मिटलेली. आत काही नव्हतं.