पुढच्या खिडकीतला, मागच्या खिडकीतला

बाई, आज तुमची आठवण एका पक्ष्यांच्या पुस्तकामुळे आली. पुस्तक तरी काय, लहान मुलांचं, जाड पानांचं, एका पानावर एकच पक्षी आणि खाली रिकामा गोल. पक्षी दिसला की गोलात बरोबरची खूण करायची. तिसरीत तुम्ही आमच्याकडून हेच करून घ्यायचात. कार्बन लावून नुसत्या रेघांचे पक्षी काढून आणायचात, शाळेच्या कडुलिंबाखाली वाटायचात, आणि नियम एकच, दिसल्याशिवाय रंग द्यायचा नाही. मी खंड्या न बघताच रंगवला, निळा खडू नवा होता म्हणून. तुम्ही रागावला नाहीत. कागद हातात धरून विचारलंत, "कुठे बसला होता?" मला काही सांगता येईना. मग पिशवीतून दुसरा कोरा खंड्या काढून दिलात, म्हणालात, घाई नाही. पुढे खंड्या कुठे कुठे दिसला, पण तोवर तुम्ही गेला होतात आणि कागद कोराच राहिला.

मी आता आयर्लंडमध्ये आहे, वॉटरफोर्डला. माझी ताई इथे मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मी कॉलेज मध्येच सोडलं, ते बघायला तुम्ही नव्हतात हे बरंच झालं. त्यानंतर मनालीत राहिले, गोव्यात राहिले, एका ठिकाणी चादर दोनदा धुवायची वेळ येऊ दिली नाही. ताईकडेही थोडं टेकून पुढे जायचं म्हणून आले, आणि साथ आली, विमानंच बंद झाली. भावोजी पुण्यात अडकले, मी इथे. मग शाळा बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, आणि पाच वर्षांची भाची माझ्या ताब्यात, की मी तिच्या, ते मला अजून कळलेलं नाही. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. कप प्रेसमध्ये ठेव असं भाची म्हणाली तेव्हा मी इस्त्री शोधत बसले होते. पण ते राहू दे.

जानेवारीत ताईलाच लागण झाली. तिने स्वतःला मागच्या खोलीत कोंडून घेतलं. आम्ही दोघी पुढच्या खोलीत, घराच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. ताट तिच्या दाराशी ठेवायचं आणि मागे सरायचं. तिच्या खिडकीतून मागचं अंगण आणि कुंपण दिसतं, आमच्या खिडकीतून रस्ता आणि समोरच्या आजींची भिंत. एवढंच जग. मग मी ते पुस्तक काढलं. रॉबिन दिसला, ब्लॅकबर्ड दिसला, खुणा झाल्या. एके सकाळी भिंतीवर काळापांढरा, लांब शेपटीचा पक्षी आला आणि माझ्या तोंडून निघालं, दयाळ. एवढा थोरला दयाळ कुठे असतो का? पुस्तकात बघितलं तर मॅगपाय. भाचीने लगेच कपाळाला हात लावून त्याला सलाम ठोकला आणि त्याच्या बायकोची खुशाली विचारली. समोरच्या आजींनी शिकवलं होतं. दोन मॅगपाय दिसले तर आनंद, एकटा दिसणं वाईट, म्हणून त्याला असा मान द्यायचा, म्हणजे तो काही वाईट आणत नाही.

तो रोज यायचा, रोज एकटा. ताईचा ताप उतरत नव्हता. भाचीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इथल्या सुरात. गोलात खूण कर म्हटलं तर म्हणाली, "इट्स ओन्ली द वन, मावशी." मी पान दाखवलं. शेपटी लांब, आवाज खडखडीत, खातो काहीही. वाईट आणतो असं कुठे लिहिलंय? तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि हे बाळांचं पुस्तक आहे म्हणाली.

मग ती सकाळ. बोटाला लावायच्या यंत्रावरचा ताईचा ऑक्सिजनचा आकडा खाली आला होता. ताईने मला फोन केला, हळू आवाजात. "अजून उतरला तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. बॅग भरलीय. तिला काही कळू देऊ नकोस." भाची माझ्या कुशीतच बसली होती, बाई. तिने सगळं ऐकलं. उठली, पडद्यामागे जाऊन उभी राहिली, आणि भिंतीवर तो आलेला, एकटाच. हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. खायला येईना. मला दार उघडून पळत सुटावंसं वाटत होतं, आणि दार उघडायची सोय नव्हती.

काय सुचलं कोण जाणे, मी व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्या हातात दिला. म्हटलं, घराला दोन बाजू आहेत, आईला विचार, तिच्या बाजूला आहे का एखादा. तिने फोन अगदी नाकाशी धरला. तेवढ्यात भिंतीवरचा उडाला, सरळ आमच्याकडे आला. डोक्यावर, छपराच्या दगडी पाट्यांवर त्याची नखं वाजली, टक टक, मग शांत. फोनमध्ये ताई बराच वेळ खोकत होती. मग म्हणाली, "हो गं पिल्लू. आहे ना. कुंपणावर बसलाय."

भाची फोनमधून वर बघतच नव्हती. आपल्याकडे एक, ममीकडे एक, तिने स्वतःशीच बेरीज केली. पुस्तक ओढलं, गोलात एवढी जोरात खूण केली की पानाला खळगा पडला. मग टोस्ट मागितला.

बॅग न्यावी लागली नाही. ताई आता परत कामावर जाते, कशी आहेस विचारलं की इथल्यासारखं "ग्रँड" म्हणते, म्हणजे मजेत. बंधनं उठताहेत. मी तिकिटं बघते आणि फोन उलटा ठेवते. ताईची सकाळची ड्युटी असली की भाची खिडकीत उभी राहते आणि मी शेजारी आहे ना ते हाताने चाचपते. एवढ्या छोट्या हाताने धरून ठेवलेलं मला आजवर कोणी नव्हतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. कारण तुम्ही तोच प्रश्न विचाराल. दोन नव्हते, बाई, एकच होता, हे मी तिला सांगितलेलं नाही. ताईला तो कुंपणावर खरंच दिसला का, हे तिलाही विचारलेलं नाही. पण कुठे बसला होता म्हणाल तर या वेळी मला सांगता येईल. आमच्या डोक्यावर, दोन्ही खोल्यांच्या मधोमध. मी ऐकलाय.