मैत्रीच्या बाजूची साक्ष

सलालाह (ओमान),
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मैत्री,

बरी आहेस ना? नागपुरात थंडी पडायला लागली असेल. तुझा पत्ता आपल्या क्लासातल्या सोनलकडून मिळवला, तिच्यावर रागावू नकोस. फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास, म्हणून पत्र.

इकडचं सांगते. आपला क्लास उन्हाळ्यात कायमचा बंद झाला. धनेशने नोकरी सोडली, महिनाअखेर आम्ही नवरा-बायको रत्नागिरीला परततोय. गेली दोन वर्षं मी एका घरी शिकवायला जात होते. बदरुद्दीनसाहेब मूळचे हैदराबादचे, पण अमेरिकन नागरिक. इथे बंदरावर इंजिनीअर आहेत. त्यांच्या दोन्ही मुली शाळेत न जाता घरीच शिकतात, सहावी-आठवीचं. पुढे अमेरिकेत हायस्कूलला जायचंय, म्हणून तिथलं नागरिकशास्त्र हवं होतं. सिनेट, राष्ट्राध्यक्ष, घटनादुरुस्त्या. आधी त्यांनी तुझीच चौकशी केली होती. "नागरिकशास्त्राच्या मैत्रीमॅडम कुठे असतात?" मी म्हटलं, त्या भारतात गेल्या. गेल्या म्हटलं, घालवलं म्हटलं नाही.

मागच्या आठवड्यात सहावी घटनादुरुस्ती होती. आरोपीचे हक्क. घरातच खटला मांडला. धाकटी आफरीन आरोपी, थोरली अमरीन वकील आणि त्यांची आई हाफिजा न्यायाधीश, हातात लाटणं घेऊन. मी समजावलं, आरोपीला स्वतःच्या बाजूचा साक्षीदार बोलावता येतो. तो येत नसेल तर कोर्ट त्याला आणून उभं करतं.

"आणि येऊन तो खोटंच बोलला तर, मिस?" अमरीनने विचारलं.

शिक्षा होते, असं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "काही होत नाही. त्याला दुसऱ्याचे तास मिळतात."

मग मी सगळंच सांगून टाकलं. तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, एका क्लासमध्ये पेपर फुटला. दुपारी तीन वाजता कपाटातून कुणीतरी तो काढला होता. ते कोण, हे मॅनेजर जनार्दनसरांना माहीत होतं, कारण तो त्यांचाच पुतण्या. त्यांनी आळ एका शिक्षिकेवर घेतला. ती म्हणाली, "तीन वाजता मी वसुंधराताईंकडे होते. त्यांनाच विचारा."

होतीसच तू. मला ताप चढला होता. तू मऊ भात करून आणला होतास, कपाळावर पट्ट्या ठेवत होतीस.

सरांनी मला बोलावलं तेव्हा टेबलावर धनेशच्या व्हिसाचे कागद होते, सरांच्या सहीसाठी अडलेले. ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी लिहून दिलं, मैत्री त्या दिवशी माझ्याकडे आली नव्हती. आठ दिवसांत तुला विमानात बसवलं, तुझे तास मला दिले. निरोप द्यायलाही मी आले नाही.

अमरीन म्हणाली, "आता तुम्हाला कुणी काही करू शकत नाही, म्हणून सांगताय?"

तेरा वर्षांची पोर. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हाफिजाचा निरोप आला, यापुढे येऊ नका. मला रागच आला गं. वाटलं, खरं बोलले त्याचं हे फळ! तुला कसं वाटलं असेल, हे त्यानंतर मनात आलं. आधी नाही.

सोनल म्हणाली, तिकडच्या तीन शाळांनी तुला नोकरी न देता परत पाठवलं. आखातातून का काढलं, हे विचारून. सोबत मी खरं काय ते लिहून, सही करून कागद ठेवला आहे. पाच वर्षं उशिराचा. क्लासच उरला नाही, तेव्हा याला कोण किती मानेल, मला ठाऊक नाही. वापरता आला तर वापर. कुणी बोलावलं तर नागपूरला येऊन समोर उभी राहून सांगेन.

माफी मागत नाही. तू दिलीस तर मला सुटल्यासारखं वाटेल, आणि तुझ्या पदरात काहीच पडायचं नाही.

तुला खोटं पाडणारी,
वसुंधरा