दोन भोवरे

गुरुजी, कळमेश्वरजवळच्या आपल्या शाळेत एकदा तुम्ही कोंबडीचं चित्र काढायला सांगितलं होतं. मी पुस्तकात पाहून काढलं. तुम्ही पाटी काढून घेतली नि मला अंगणात नेऊन बसवलं. "पुस्तकातली कोंबडी कोणाची हाये? हे पाह्य आधी." दुपारभर मी अंगणातल्या कोंबडीच्या मागे फिरलो. कोंबडीच्या पायाला मागेही एक बोट असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता मी पन्नाशीला आलो आहे. दर रविवारी नागपुरातल्या निरीक्षणगृहात जातो. चोरी, मारामारी अशा गुन्ह्यांत सापडलेली पोरं तिथे असतात, त्यांना फोटो काढायला शिकवतो. नियम एकच, मुलांचे चेहरे फोटोत नकोत. कायद्यानं ते बाहेर दाखवता येत नाहीत. म्हणून पोरं चपलांचे, सावल्यांचे, खिडकीत वाळणाऱ्या बनियनचे फोटो काढतात. मला वाटलं होतं, कंटाळतील. कंटाळत नाहीत. असं का, याचा मी अजून विचार करतो.

त्यातला एक इतवारीच्या बाजारात मोबाइल चोरताना धरला गेलेला. त्याची आई भेटायला येत नव्हती. "माझा पोरगा मेला," असं तिनं तिथल्या बाईंना फोनवर सांगितलं होतं. त्याला तिच्याकडे फोटो पाठवायचा होता.

"सर, थोबाड नाही चालत ना? मंग डोक्शाचा काढा. वरून."

तो खाली बसला, मी स्टुलावर चढलो. केसांत दोन भोवरे होते. बाकीची पोरं गोळा झाली.

"दोन भोवरे! याचे दोन लग्न होतात बे!"

"पहिलीच पोरगी कोण देईन याले?"

तो मान न हलवता म्हणाला, "हसा बे. माय एवढ्यावरून ओळखते मले."

अधीक्षकांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. काय आहे ते सांगितल्यावर हसले नि पाठवायची परवानगी दिली. त्या आठवड्यात देवापुढे दिवा लावताना, त्याची आई यावी, याखेरीज मी दुसरं काही मागितलं नाही.

भेटीच्या दिवशी ती आली. फाटकावर तिची खोबरेल तेलाची बाटली अडवली. "बाटली आत नेता येत नाही, बाई." तिनं झाकण काढलं, ओंजळीत तेल ओतून घेतलं. "हे तं नेता येते ना?" आणि ओंजळ सांभाळत अंगण ओलांडून आली. पोरगा उठून उभा राहिला. "बस खाली," म्हणाली. तोंडाकडे पाहिलंच नाही तिनं. टाळूवर तेल जिरवत राहिली. मग हात पदराला पुसत विचारलं, "बराबर जेवून राहिला का?" कॅमेरा माझ्या गळ्यात होता, तो तसाच राहिला.

तुम्ही आता नाही, हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ठाऊक आहे. पण एक सांगतो, गुरुजी. तुमचा चेहरा मला आता आठवत नाही. तुमचा एकही फोटो आमच्यापैकी कोणाकडे नाही. आठवते ती फळ्याकडे वळलेली तुमची पाठ आणि कॉलरवर पडलेला खडूचा भुगा. एवढ्यावरून मी तुम्हाला ओळखीन की नाही, हे एकदा पाहावंसं वाटतं.