मुलगी रुसली की रागावली?

प्रिय ठमाबाई,

आता या वयात मला ठमाबाई काय म्हणतेस, असं म्हणून तू नाक मुरडशील, ते मला इथे बसून दिसतंय. मुरड खुशाल, पण पत्र पूर्ण वाच. फोन तू उचलत नाहीस, आणि जावईबापू दर वेळी ती बरी आहे, एवढंच सांगतात. बरी म्हणजे कशी, असं विचारलं की बिचाऱ्यांना एकदम खोकला येतो.

परवा सातवीच्या वर्गात माझी चांगलीच फजिती झाली. रागाचे शब्द घेतले होते: चिडणे, रागावणे, संतापणे, रुसणे. पोरांना सगळे सारखेच वाटतात. बस चुकली म्हणून मी तिच्यावर रुसलो, असं एकाने लिहिलं, तेव्हा हसून हसून माझी पुरेवाट झाली. माझी पद्धत तुला पाठ आहे. फळ्यावर गाळलेल्या जागेचं वाक्य लिहायचं, मुलाने शब्द भरायचा आणि त्याच्या पुढचं वाक्य स्वतः रचायचं. ते जुळलं तर शब्द बरोबर. वाक्यं मी नेहमी घरून तयार करून नेते. परवा नेली नव्हती, आणि डोक्यात दुसरं काही नव्हतंच. हात आपला लिहून गेला, ‘मुलीने आईसाठी खोली लावली, पण आईने येत नाही म्हटल्यावर मुलगी ____.’

मग जो गोंधळ उडाला, विचारू नकोस. मागच्या बाकावरचा पैलवान म्हणाला, संतापली, आणि तिने ती खोली भाड्याने देऊन टाकली. मी घाईघाईने दुसऱ्याला उठवलं. तो म्हणाला, रागावली, आणि दोन दिवसांत विसरून गेली. तसं असतं तर काय हवं होतं! शेवटी आमची वकिलीणबाई उठली. वर्गातली सगळी भांडणं हीच सोडवते, म्हणून हे नाव. तिचं म्हणणं, मुलगी रुसलीच असणार. परक्यावर कोणी रुसत नाही, समजूत काढायला आपलं माणूस येईल अशी आशा असली तरच रुसतात. पुढचं वाक्य विचारलं, तर म्हणते कशी, ते आईने रचायचं. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघतोय, आणि इतकी वर्षं शिकवून मला एक धड वाक्य सुचेना. घंटा झाली म्हणून वाचले.

तेव्हापासून डोकं नुसतं भणभणतंय. तुला नाही का म्हटलं, हेही आता नीट सांगता येत नाही. शाळा सोडवत नाही म्हटलं, ते खरंच होतं. मुलीच्या संसारात आपली अडचण नको, ही भीतीही खरी. आणि तू पडद्यांचा रंग कुठला हवा विचारलंस, तेव्हा फोन ठेवल्यावर मी आनंदाने रडले होते, तेही काही खोटं नाही. यातलं कुठलं धरायचं? तू संतापली असशील तर मी तोंड दाखवू नये. पण रुसली असशील आणि मी इथेच बसून राहिले, तर माझ्यासारखी मूर्ख बाई मीच.

म्हणून सुट्टी लागली की पहिल्या गाडीने येतेय. विचारत नाहीये, कळवतेय. मुख्याध्यापकांना पुढच्या वर्षाचं अजून काही सांगितलेलं नाही. बॅग पलंगावर उघडी पडली आहे. चार दिवसांचे कपडे भरले, काढले. मग होते नव्हते तेवढे सगळे भरले, तेही काढले. मला काही कळत नाही गं. किती भरू, एवढं सांगायला तरी फोन उचल.

तुझीच,
आई